पानमळ्यातला धूर

आमच्या पानमळ्यात चप्पल काढूनच जायचं, आणि पाळीच्या दिवसांत बाईनं जायचंच नाही. अकोल्याजवळच्या आमच्या गावात हा नियम कुणी मोडत नाही. मी मोडला. ज्या बाबांनी मला चळवळीच्या सभांमधून आणलेल्या पत्रकांवर वाचायला शिकवलं, त्यांच्याच मळ्यात मी पाळी असताना वेल बांधले आणि ते लपवलं नाही.

त्याच हिवाळ्यात पानं बिघडली. शिरा हिरव्या, मधला भाग उकडल्यासारखा पांढरट.

"झालं समाधान?" काकू म्हणाली. "वेलाले विटाळ चालत नाही, तुले सांगतलं होतं."

"अन् शेवरीले?" वेल ज्या शेवरीवर चढवतो, तिचीही पानं शेजारच्या वीटभट्टीकडच्या बाजूनं तशीच झाली होती.

"तुह्या तोंडाले कुलूपच नाही बाई."

पानं घेऊन मी अकोल्याला वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापिकेकडे गेले. त्यांनी ती उजेडात धरली आणि विचारलं, "जवळ भट्टी आहे का?" होती, त्याच साली पेटलेली. कोळशातल्या गंधकाचा वायू होतो, तो पानाच्या बारीक छिद्रांतून आत शिरतो आणि हिरवेपणा मारतो. ओल्या हवेत ही छिद्रं जास्त उघडी असतात. मळा तर आम्ही मुद्दाम ओला ठेवतो. धुराला मालक होता, पण दोष माझ्या अंगाला चिकटला होता.

मी पत्रक लिहिलं. पहिला परिच्छेद धुरावर, दुसरा विटाळावर. बाबांनी चष्मा लावून वाचलं.

"पहिलं झकास. भट्टीवाल्याले मीच नेऊन देतो. दुसरं खोडून टाक."

"काहून? खोटं आहे?"

"खरं असन. पण गावात राहाचं आहे आपल्याले."

मी खोडलं नाही. आठवडी बाजारात एकटीच पत्रकं वाटत उभी राहिले. बायका कागद घडी करून पोलक्यात ठेवायच्या, पण माझ्याशी बोलायच्या नाहीत. बाबा त्या दिवशी बाजारात आलेच नाहीत.

जूनमध्ये मी शिकायला अमरावतीला आले. पावसाळ्यात भट्टी बंद असते. नवी पानं स्वच्छ आली. परवा काकूचा फोन आला, "तू गेली अन् मळा सुधरला, पाह्य."

मी भट्टीचं सांगू लागले, तर तिनं फोन बाबांना दिला.

"जेवली का?"

"बाबा, भट्टी बंद आहे म्हणून सुधरला. तिले सांगा ना."

"मेसचं जेवण बरं आहे का?"

"दिवाळीले मळ्यात येऊ?"

"जेवून घे," बाबा म्हणाले.