पोरीचं डेन्मार्क आणि माझी दहा बोटं

संशय घेण्यात मी कधी नापास झालो नाही. बाकी सगळ्यात झालो. चौथीत दोनदा बसलो. तिसऱ्यांदा मास्तर बोलले, "आता बसू नको, उभा राहा आणि घरी जा." तो जो उठलो तो रत्नागिरीहून मुंबई, आणि मुंबईहून रियाधला येऊन थांबलो. इथं एका इस्पितळाच्या लॉन्ड्रीत चोवीस वर्षं काढली. आधी चादरी धुवायचो, मग इस्त्रीवर गेलो, आता इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहायच्या ओळखपत्रावर, सुपरवायझर लिहिलंय. म्हणजे चादरी अजून मीच धुतो, फक्त ओरडायची परवानगी मिळालीय.

लॉन्ड्रीत माणसाला संशयाची सवय लागते. डॉक्टरांचे कोट आले की आधी खिसे तपासायचे. खिशातनं काय काय निघतं ते सांगितलं तर माझी नोकरी जाईल आणि त्यांचे संसार. त्यामुळे कोणी समोर येऊन गोड बोलायला लागला की मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, खिशाकडे बघतो.

तर गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला एकदा जेवायला बसलो असताना माझी मुलगी बोलली, "अब्बा, हमारा ग्रुप डेन्मार्क जा रहा है. टेन डेज."

ती इथल्याच एका युनिव्हर्सिटीत नर्सिंग शिकते. मी मराठीत विचारतो, ती हिंदीत नाहीतर इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि तिची आई मध्ये बसून दोघांना दोघांचं समजावते. आई इंडियन स्कूलमध्ये केजीच्या पोरांना शिकवते, त्यामुळे माझ्याशी बोलायला तिला वेगळी तयारी करावी लागत नाही.

"तिकडे काय आहे?" मी विचारलं.

"एक छोटा टाऊन है. वहाँ बुजुर्गों को कैसे सँभालते हैं, वो देखना है. बारा लडकियाँ, दो मॅडम."

"म्हातारे बघायला डेन्मार्क? मला बघ की. इथंच बसलोय."

"अब्बा, यू आर नॉट अ केस स्टडी. यू आर अ केस."

आई तोंडाला ओढणी लावून हसली. मी हसलो नाही. मी बोललो, "आधी माझी परवानगी तर घ्या."

पोरीने आतनं कागद आणला. खाली माझी सही. महिन्याभरापूर्वी तिने मला सगळा कागद वाचून दाखवला होता, तेव्हा मॅच शेवटच्या ओव्हरला आली होती आणि मी न बघता सही मारून दिली होती. चौथीपर्यंतच्या शिक्षणात मला तेवढी एकच गोष्ट झोकात जमते.

मग तिने मोबाईलवर त्या गावाचे फोटो दाखवले. लाल कौलांची घरं, समुद्र, सायकली. कोकणातला माणूस मी, कौलं आणि समुद्र बघून खूश व्हायला पाहिजे होतो. पण मला दिसलं ते वेगळंच. एकाही घराला कंपाउंड नव्हतं. खिडक्यांना गज नव्हते. मी बोललो, "हे गाव लुटून झालंय वाटतं."

पोरगी माझी भीती घालवायला बसली आणि तिथंच फसली. ती बोलली, तिकडे रस्त्याच्या कडेला टेबलावर अंडी ठेवलेली असतात, विकणारा कोणी नसतो, लोक आपले पैसे डब्यात टाकतात आणि अंडी घेऊन जातात. आणि हॉटेलात चहा प्यायला गेलेल्या बाया बाळाला बाबागाडीत बाहेरच झोपवून जातात. थंडीत सुद्धा. कोणी उचलत नाही.

माझा घास तोंडातच राहिला. "स्वतःचं पोर रस्त्यावर ठेवून चहा पितात? त्यांच्या ताब्यात मी माझं पोर देऊ?"

"अहो, ती एकवीस वर्षांची आहे," आई बोलली. "बाबागाडीत मावणार नाही."

दुसऱ्या आठवड्यात मी लॉन्ड्रीतनं लवकर सुटलो आणि युनिव्हर्सिटीच्या गेटसमोर जाऊन उभा राहिलो. कसल्या पोरी, कसल्या मॅडम, आपल्या डोळ्यांनी बघू या. गेटला सावली नव्हती, तर एका खजुराच्या झाडामागे उभा राहिलो. खजुराचं खोड केवढं, माझं पोट केवढं. दहा मिनिटांत सिक्युरिटीवाला आला आणि इकामा मागितला. पोरींच्या गेटसमोर झाडामागे लपलेला पन्नाशीचा माणूस. मी त्याच्या जागी असतो तर मी सुद्धा मला पकडलं असतं. मला अरबी येतं ते चादरींपुरतं. टॉवेल, उशी, डाग, उद्या. या चार शब्दांत बाप आहे हे कसं सांगणार?

तेवढ्यात आतनं एक मॅडम आल्या. हैदराबादच्या, पन्नाशीच्या, चष्मा नाकावर. सिक्युरिटीवाल्याशी अरबीत दोन वाक्यं बोलल्या, त्याने इकामा परत दिला. मग माझ्याकडे वळून बोलल्या, "आप ही हैं ना? आपकी बेटी बोली थी, मॅडम, मेरे अब्बा एक दिन आके गेट पे खडे होंगे, उनको पानी पिला देना."

आणि खरंच पाण्याची बाटली पुढे केली. मी ती तिथंच संपवली, सलाम केला आणि निघालो. रस्त्यात आठवलं की विचारायला गेलो होतो त्यातलं एक अक्षर विचारलं नाही. आणि मग संशय आला: बाई एवढी तयारीत कशी? पाणी सुद्धा थंडगार होतं.

डेन्मार्कचा व्हिसा युनिव्हर्सिटीनेच करून दिला, पासपोर्टवर चिकटून आला. राहिली एकच गोष्ट. या देशातनं बाहेर जाऊन परत यायचं तर एक्झिट-रिएंट्री काढावी लागते. माझी कफील काढतो, म्हणजे ज्याच्या नावावर मी या देशात राहतो तो मालक. पण बायकोची आणि पोरीची मी काढायची, मोबाईलवरच्या सरकारी अ‍ॅपमधनं. म्हणजे घरात कफील मीच. आता हे समजून घ्या. चोवीस वर्षं मी कफीलच्या ऑफिसात जातोय आणि तिथला माणूस मान वर न करता बोलतो, "बुकरा." म्हणजे उद्या ये. त्याचा उद्या कधी महिन्याने येतो, कधी ईदनंतर. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे परवानगी मागत होतं. रोज संध्याकाळी पोरगी विचारायची, "अब्बा, वो एक्झिट-रिएंट्री?" आणि मी मान वर न करता बोलायचो, "बुकरा."

खरं सांगतो, मजा यायची. लाज आता वाटते.

असे तीन आठवडे गेले. इथल्या बथ्थ्याच्या बाजारात माझा एक दोस्त आहे, श्रीवर्धनचा. मोबाईलची कव्हरं विकतो, म्हणून मोबाईलच्या आतलं पण त्याला सगळं कळतं असा माझा समज. तो बोलला, "भाय, तुझ्या अ‍ॅपचा पासवर्ड कोणाला ठाऊक?"

"पोरीला. तिनेच करून दिलाय. मला कुठं येतं?"

"मग तू बुकरा बुकरा करत बस. एक दिवस ती स्वतःच बटण दाबेल आणि विमानात बसेल. तू इस्त्री कर."

माझ्या डोक्यात पाणी उकळलं. बोललो, आत्ताच्या आत्ता बदल. मी माझ्या बापाच्या होडीचं नाव सांगितलं. अ‍ॅप बोललं, आकडा पाहिजे. त्याने आकडा टाकला. अ‍ॅप बोललं, एक अक्षर मोठं पाहिजे, एक खूण पाहिजे. त्याने टाकली. मध्ये गिऱ्हाईक आलं, त्याला कव्हर दाखवलं, परत टाईप केलं. झालं. मी घरी आलो ते तिजोरीची चावी कमरेला लावल्यासारखा.

निघायला तीन दिवस उरले तेव्हा मी लॉन्ड्रीतनं आलो तर घरात सगळं गप्प. पोरगी आपल्या खोलीत. आईने चहा समोर ठेवला आणि बोलली, "पासवर्ड बदललात."

मी बोललो, "कोणी सांगितलं? म्हणजे उघडून बघितलं ना तिने! मी बोललोच होतो—"

"तुमचा इकामा कधी संपतो ती तारीख बघायला उघडत होती. दर महिन्याला बघते. तुम्हाला ती तारीख माहिती तरी आहे का?"

नव्हती.

"तुमचा फोन रोज संध्याकाळी तिच्याच हातात असतो," आई बोलली. "इस्पितळाचे मेसेज, कंपनीचे मेसेज, गावाहून तुमच्या भावाचे, सगळे तीच वाचून दाखवते. पासवर्ड तिचा. कोड येतो तो पण तिच्याच हातात येतो. तीन आठवडे पासपोर्टवर व्हिसा लागलाय. दाबायचं असतं तर तिने पहिल्या दिवशीच दाबलं असतं. तुम्हाला पत्ता पण लागला नसता. ती तुमच्या तोंडचं हो ऐकायला थांबली होती."

चहावर साय धरली.

उठलो आणि पोरीच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती कपड्यांच्या घड्या सुटकेसमधनं काढून परत कपाटात ठेवत होती. मी बोललो, "राहू दे सुटकेसमध्येच. आत्ता काढतो तुझी एक्झिट-रिएंट्री."

ती बोलली, "पासवर्ड?"

होडीचं नाव आठवत होतं. आकडा, खूण, मोठं अक्षर, काही नाही. दोस्ताला फोन लावला. तो बोलला, "मी कुठं लक्षात ठेवू? तू सांगितलंस, मी टाईप केलं." मी बोललो, "आकडा तू टाकलास." तो बोलला, "होडी तुझ्या बापाची." तीनदा टाकलं आणि अ‍ॅपने दार लावून घेतलं. नवीन पासवर्डला आता मॉलमधल्या सरकारी मशीनवर जाऊन बोटाचा ठसा द्यायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एक्झिट-रिएंट्रीचा कागद मॅडमकडे गेला नाही तर पोरीचं नाव कटणार होतं. सकाळी दुकानं उघडायच्या आधीच आम्ही दोघं मॉलमध्ये. मशीनने बोट मागितलं. मी उजव्या हाताचं पहिलं बोट ठेवलं. लाल. परत ठेवलं. लाल. अंगठा. लाल. मशीन बोलत होतं की हा माणूस तो नाही.

पोरीने माझा हात हातात घेतला, उलटा केला, उजेडात धरला. चोवीस वर्षं गरम चादरी ओढून आणि ब्लीचमध्ये बुडवून माझ्या बोटांवर रेघ राहिली नव्हती. नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत. मला तरी कुठं माहिती? आपली बोटं कोण वाचतं?

"अब्बा, ये कबसे है?"

"मशीन खराब आहे."

"मशीन ठीक है," ती बोलली. पर्समधनं क्रीम काढलं आणि एक एक बोट चोळायला लागली, एखाद्या पेशंटचं करावं तसं. चोळायचं, पुसायचं, फुंकर मारायची, ठेवायचं. लाल. मागे लाईन लागली. एक माणूस बोलला, "यल्ला, यल्ला." म्हणजे चला, आटपा. पोरीने मागे वळून त्याला अरबीत असं काही सांगितलं की तो दोन पावलं मागे सरला. काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

नऊ बोटं झाली. माझ्या पाठीवरनं घाम उतरत होता आणि मॉलमध्ये एसी चालू होता. सगळ्या जगावर संशय घेतला मी, आणि आता सरकारच्या मशीनला माझाच संशय. राहिली डाव्या हाताची करंगळी. ती इस्त्रीला लागत नाही, चादरीला लागत नाही. शाळेत मात्र माझं हेच बोट सगळ्यात जास्त वेळा वर गेलं होतं. ठेवली. मशीनने विचार केला. हिरवं.

पोरगी एवढ्या जोराने ओरडली की तो यल्लावाला पण टाळ्या वाजवायला लागला.

बाजूच्या बाकड्यावर बसलो. नवीन पासवर्ड टाकायचा होता. तिने फोन माझ्या हातात दिला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. "आप डालो. मैं नहीं देखती."

ते तिचं फिरवलेलं तोंड मला त्या लाल दिव्यापेक्षा जड गेलं. मी फोन तिच्या मांडीवर ठेवला. "तूच टाक. आणि मला सांगू नको, मी परत कोणाकडे तरी घेऊन जाईन."

तिने टाकला. एक्झिट-रिएंट्रीचं पान उघडलं. किती दिवसांची पाहिजे असं विचारत होतं.

"थर्टी डालती हूँ," ती बोलली. "ट्रिप टेन डेज का ही है."

"साठ टाक."

"अब्बा! क्यों?"

"विमान बिघडलं, तू आजारी पडलीस, त्या मॅडमच कुठं हरवल्या. काय भरवसा? परत यायला दार उघडं पाहिजे."

तिने माझ्याकडे बघितलं, साठ टाकलं आणि फोन पुढे केला. "बटन आप दबाओ."

मी दाबलं. कागद आला. तिने तिथनंच मॅडमला पाठवला आणि मग आईला फोन लावून दिला. मी साठ दिवसांची काढली ते सांगितलं.

"साठ दिवस?" आई बोलली. "तिकडे ती दहा दिवस राहणार. दहाव्या दिवशी सकाळपासून तुम्ही विमानतळावर जाऊन उभे राहाल."

"नवव्या," मी बोललो.