कोपराला लावलेला हात

आमच्या भागात मोठ्या माणसाला काही द्यायचं असलं की उजव्या हातानं देतात आणि डाव्या हाताची बोटं उजव्या कोपराला लावतात. पाणी असो, प्रसाद असो, लग्नाची पत्रिका असो. असं करणाऱ्या पोरीला वळण आहे म्हणतात. मी हे लहानपणापासून करत आले आणि वळणाचा त्यात काडीचा संबंध नव्हता. माझा उजवा हात आपला आपण उचलतच नाही. डाव्यानं खालून टेकू दिला तरच तो पुढे जातो.

जन्मतानाच तो गेला. कुरुंद्याजवळच्या आमच्या गावात, घरातच आईचं बाळंतपण झालं. डोकं बाहेर आलं, खांदा अडकला आणि जीव वाचवायचा म्हणून सुईणीनं ओढलं. जीव वाचला. हात मात्र आत वळलेला, तळवा मागं केलेला, असा लोंबत राहिला. बोटं चालतात, मूठ आवळता येते, पण हात छातीच्या वर जात नाही. आई म्हणायची, वारं लागलं. गाव म्हणायचं, लुळी. खरं काय ते मला चाळिशीनंतर कळलं. तोपर्यंत डावा खांदाही दुखायला लागला होता, म्हणून नांदेडला दाखवायला गेले होते. डॉक्टरांनी कागदावर मान काढली, मानेतून निघून हाताकडे जाणाऱ्या नसा काढल्या आणि सांगितलं, ओढताना या तुटल्या. हा रोग नाही, मार आहे, आणि तो पोराबाळांत उतरत नाही. चांगला हात आता दोघांचं काम करून झिजतोय, त्याला जपा, असंही म्हणाले. कसं जपायचं ते काही सांगितलं नाही.

भाकरी मी एका हातानं थापते. ब्लाऊजमध्ये आधी आजारी हात घालते, मग चांगला. उलट केलं तर अर्ध्यात अडकून बसावं लागतं. वाळत घालायची दोरी नवऱ्यानं माझ्या छातीइतकी खाली बांधली आहे. एका शब्दानं काही न बोलता बांधली, आणि येणारेजाणारे तिच्यात अडकून शिव्या देतात ते तोच ऐकून घेतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला उंच बाया आवडत नाहीत. त्यांच्या कपाळाला बोट पोचवायचं म्हणजे हाताला हातानं वर ढकलावं लागतं आणि त्या वाकायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघत बसतात. थंडीत हात बर्फासारखा गार पडतो. कधी कधी वाटतं, हा नसताच तर बरं झालं असतं. निदान त्याची लाज तरी राखावी लागली नसती.

कोपराला हात लावायची ती सवय वळणासारखी दिसते, हे पहिल्यांदा माझ्या वडिलांच्या लक्षात आलं. हुशार माणूस. मला बघायला पाहुणे येणार होते त्या सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "चहा देताना कोपराला हात लाव. बस. खोटं बोलायचं न्हाई, फकस्त काई बोलायचंच न्हाई."

मी चहा दिला. होणाऱ्या सासूबाई खूश झाल्या. म्हणाल्या, "लई वळणाची हाय हो पोरगी!" वडिलांनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

लग्नात हार घालायची वेळ आली तेव्हा मामा पाठीमागं उभाच होता. मामानं मागं उभं राहायची रीतच असते, त्यामुळे कोणाला काही खटकलं नाही. त्यानं शालूच्या पदराखालून माझं कोपर धरलं आणि वर उचललं. फोटोत मी दोन्ही हातांनी हार घालते आहे, नवरा वाकलेला आहे आणि मामाचा चेहरा असा आहे की जणू पोतं उचलतोय.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी फळीवरचा डबा काढायला सांगितला. मी डाव्या हातानं काढायला गेले. त्या म्हणाल्या, "डाव्या हातानं काहून? उजव्यानं काढ." मी तशीच उभी राहिले. त्या जवळ आल्या, माझा हात धरून वर उचलला आणि सोडून दिला. हात खाली पडला. त्यांनी पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. मग म्हणाल्या, "तुज्या बापानं गंडवलं आमाला."

त्यांनी मला माहेरी धाडलं नाही, मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. वाईट बाई नव्हत्या. पण हळद काढायच्या दिवसांत मी गड्डा पायाखाली दाबून हळकुंडं मोडायला लागले की ओरडायच्या, लक्ष्मीवर पाय देती. आणि महालक्ष्म्या बसायच्या तेव्हा सोळा भाज्या, पुरणपोळ्या सगळं माझ्याकडून करून घ्यायच्या, पण देवीला साडी नेसवायची वेळ आली की जावेला हाक मारायच्या. देवीला धडका हात लागावा म्हणायच्या. मी दारात उभी राहून निऱ्या बघायची. त्या वारल्या तरी साडी जाऊच नेसवते, आणि मीही आता ते मागत नाही.

नवरा या सगळ्यावर कधीच काही बोलला नाही. फसवलं असं म्हणाला नाही आणि नाही फसवलं असंही म्हणाला नाही. मला वाटायचं, विसरला असेल.

मागच्या वर्षी आमच्या मुलीला स्थळ आलं. एकुलती एक मुलगी, नांदेडला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. मुलगा जवळा बाजारचा, स्वतःचं मेडिकल. मध्यस्थानं दोघांना एकमेकांचे नंबर देऊन ठेवले होते आणि पाहुणे यायच्या आधीच पोरगी फोन घेऊन गच्चीवर जायला लागली होती. घरात गुणगुणायची. तिला तो आवडला होता, हे विचारायची गरज नव्हती. ही सोयरीक व्हावी असं मलाही मनापासून वाटत होतं.

ज्या दिवशी ते येणार होते त्या सकाळी नवरा स्वयंपाकघरात आला. तांब्या उचलला, पाणी प्यायला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "चहा तूच दे. कोपराला हात लावून दे. लोकं उगं इचारत बसतात, खानदानात काई हाय का म्हणून."

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं ही गोष्ट तोंडातून काढली. म्हणजे सगळं आठवत होतं. कसा फसलो ते नीट आठवत होतं आणि आता तेच हत्यार त्यानं माझ्या हातात दिलं होतं. मला रडू आलं नाही, राग आला. पण मी बरं म्हणाले.

दुपारी गाडी आली. मुलगा, त्याचे आईवडील, आत्या आणि मध्यस्थ. मी ट्रे टीपॉयवर ठेवला आणि एकेक कप उचलून दिला, कोपराला हात लावून. मुलाची आई हसली. कप घेताना म्हणाली, "आईलाच असं वळण हाय म्हणल्यावर पोरगी काय बघायची!"

नवऱ्यानं मान खाली घातली. अगदी माझ्या वडिलांसारखी. ती खाली गेलेली मान बघितली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वळण न्हाई हो ते. माजा हात उचलतच न्हाई."

मग थांबता येईना. सुईणीनं ओढलं इथून सुरुवात केली. नसा सांगितल्या, डॉक्टर सांगितला, हे रक्तातून येत नाही हे दोनदा सांगितलं. मुलाकडे बघून म्हणाले, तुमचं मेडिकल आहे, तुम्हाला ठाऊक असेल. तो मोबाइलकडे बघत होता. बोलताना मला इतकं हलकं वाटत होतं की बोलतच राहावं. आयुष्यात पहिल्यांदा मी परक्या माणसांपुढे उजवा हात लोंबता सोडून बसले होते.

आत्यानं बशीतला चहा संपवला. म्हणाली, "ते ठीक हाय. पण पोरीला काई न्हाई ना तसं?" आणि मुलीकडे वळून, अगदी गोड आवाजात, "बाई, दोन्ही हात जरा वर करून दाव बरं."

मुलगी उठली. निळी साडी नेसली होती, स्वतःच्या पगारातून घेतलेली. तिनं मुलाकडे बघितलं. त्यानं वर बघितलं नाही. तिनं दोन्ही हात वर केले. "अजून वर," आत्या म्हणाली. तिनं कानाला लागतील इतके वर केले. ब्लाऊजची शिवण ताणली गेली. मग आत्यानं बोटं उघडझाप करायला सांगितली, आणि तिनं तेही केलं.

आठ दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला. पत्रिका जुळत नाही म्हणाले. पत्रिका त्यांनी महिनाभर आधीच जुळवून बघितली होती.

मुलगी त्या दिवशी सुट्टी घेऊन घरीच होती. फोन ठेवल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हणाले, असले लोक नकोतच आपल्याला, बरं झालं आधी कळलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. थांबली नाही.

"खरं बोलायचं होतं तर तुझ्या लग्नात बोलायचं होतंस, आई," ती म्हणाली. "माझंच लग्न सापडलं का तुला?"

मी म्हणाले, मला खोटं सहन झालं नाही गं.

"मग त्या बाईनं मला हात वर करायला लावले ते कसं सहन झालं? तू शेजारीच बसली होतीस ना."

मी बसले होते. तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर. माझ्या हाताबद्दल पाच माणसांपुढे इतकं बोलले आणि तिच्यासाठी "नको करूस, खाली घे" एवढे चार शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. कारण मलाही बघायचं होतं, तिचे हात किती वर जातात ते. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, बघा, माझ्या पोरीचे जातात.