भिंतीनं काढलेला फोटो

भानुदासांच्या पायाला भिंगरी होती आणि ती नोकरीनं बांधली होती. नागपुरात एकतीस वर्षं ते घरोघरची विजेची मीटरं वाचत हिंडले. फाटकाशी उभं राहून ‘मीटर’ अशी हाक दिली, की कुत्रीसुद्धा वाट सोडायची. अशा माणसाला मुलानं, धम्मदीपनं, सहा महिन्यांसाठी ओहायोतल्या डब्लिनला आणलं आणि सोफ्यावर बसवलं. आठ दिवसांत सोफा त्यांना बोचायला लागला.

मग मुलगा आणि सूनबाई उपासना लॅपटॉप उघडून बसले, की हे बूट चढवून बाहेर. मैत्रीच्या, म्हणजे लेकीच्या, बाळंतपणासाठी गिरजाबाई नागपुरातच राहिल्या होत्या. त्यांना दाखवायला म्हणून भानुदास फोनवर रस्त्यांचे आणि घरांचे फोटो काढत. पण खोड जाते थोडीच? एकही घर सोडायचं नाही, नंबर स्पष्ट आला पाहिजे, डावी बाजू संपली की मगच उजवी. गॅरेज, कचऱ्याचे डबे, बास्केटबॉलची जाळी, पुन्हा गॅरेज. संध्याकाळी पन्नास-साठ फोटो नागपूरला रवाना.

“काहून जी,” गिरजाबाईंनी एकदा विचारलं, “तिथं माणसं राहत नाई काय? अन् तुमी कुठं हा?”

ते कसे दिसणार? फोन त्यांच्याच हातात होता.

ऑक्टोबरात एका घराच्या बाजूच्या भिंतीवर त्यांना मीटर दिसलं. उघड्यावर, ना जाळी ना कुलूप. आता पाय थांबतात होय? हिरवळ तुडवत गेले, चष्मा कपाळावर सरकवला, वाकले, आकडे पुटपुटले आणि फोटो काढला. मीटरच्या वर भिंतीला लावलेल्या राखणीच्या कॅमेऱ्यानं त्याच वेळी त्यांचा काढला.

दुसऱ्या दिवशी तो फोटो कॉलनीच्या ग्रुपवर होता. हा माणूस गेले कित्येक दिवस ओळीनं सगळ्या घरांचे फोटो काढतोय, कोणी ओळखतं का, असं खाली विचारलं होतं. पोलिसांना कळवावं, असं चार-पाच जणांचं मत पडलं होतं.

धम्मदीपनं आधी बाबांचा फोन काढून घेतला. “बाबा, इथे हे चालत नाही,” तो म्हणाला. “थोडे दिवस वॉक बंद करा.”

भानुदास दोन दिवस किचन ते बेसमेंट आणि बेसमेंट ते किचन फिरले. जिन्याला तेरा पायऱ्या आहेत हे पाठ झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला विचारलं, ग्रुपवर आपल्या धम्मदीपनं काय उत्तर दिलं? उपासना भांडी लावत राहिली.

त्यानं उत्तर दिलंच नव्हतं. वडील पॉवर सेक्टरमधून रिटायर झाले, असं त्यानं शेजाऱ्यांना सांगून ठेवलं होतं. ते खोटंही नव्हतं. फक्त आता ते पॉवर सेक्टर लोकांच्या भिंतीशी वाकलेलं सगळ्यांना दिसत होतं. पोटच्या पोरानं आपल्याला ओळख दिली नाही, हे भानुदासांना फार लागलं.

रात्री जेवताना ते एवढंच म्हणाले, “तो फोटो तुझ्या आईला पाठव.”

धम्मदीपनं नाइलाजानं पाठवला. हात धुतात न धुतात तोच नागपूरहून फोन.

“जय भीम रे बाबू. कोणं काढला हा फोटो? पाच महिने घरं पाहू पाहू डोळे दुखले माहे. आज तुहे बाबा दिसले. अगदी ड्युटीवर असल्यावानी. याच पगारावर तुले शिकवलं बरं त्याहीनं.”

फोन ठेवून धम्मदीप लिहायला बसला. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी काय लिहिलं ते त्यानं मान खाली घालूनच बाबांना सांगितलं: हे माझे वडील आहेत. नागपूरला मीटर रीडर होते. सगळ्यांना त्रास झाला, माफ करा.

“एकतीस वर्षं, असं घाल,” भानुदास म्हणाले. “अन् माफी त्या एकाच घराची माग. बाकीचे फोटो मी रस्त्यावरून काढलेत.”

धम्मदीपनं दुरुस्ती केली, पाठवलं आणि बाबांचा फोन परत द्यायला वर पाहिलं. ते दाराशी वाकून बूट घालत होते.