मांगे कोण शे, ताई?

नानांच्या व्हॅनच्या मागच्या दारावर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं होतं : 'जरा मांगे ऱ्हाय भो, मझार पोरे शेतस.' अक्षरं वाकडी होती, कारण ती नानांनी स्वतः, बहुधा उकिडवं बसून काढली होती. जळगावच्या आमच्या इंग्रजी शाळेच्या फाटकाशी व्हॅन थांबली की दुसऱ्या गाड्यांमधली मुलं ते मोठ्याने वाचून हसायची. एकदा नव्या आलेल्या मिसनी मला त्याचा अर्थ विचारला. "जरा मागे राहा, आत मुलं आहेत," एवढं सांगून मी मान खाली घातली आणि वर्गात पळाले. मला त्या ओळीची लाज वाटायची.

नाना मूळचे शिंदखेड्याकडचे. नशिराबादला आमच्या घराच्या मागच्या गल्लीत एक खोली घेऊन राहायचे आणि गावातल्या नऊ मुलांना रोज सकाळी हायवेने जळगावला नेऊन सोडायचे. तेव्हा रस्ता चौपदरी झाला नव्हता. एकच पट्टा, त्यावर केळीचे ट्रक, तेलाचे टँकर, ट्रॅक्टर, रिक्षा आणि तिघंतिघं बसलेल्या मोटारसायकली. आम्ही घरी आणि शाळेत 'शुद्ध' बोलायचो, त्यामुळे नानांची अहिराणी मला पहिले काही महिने निम्मीच कळायची. ती निम्मी कळत नाही हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. मी कोणालाच काही सांगायचे नाही.

पुढच्या गाडीपासून लांब राहणं हा नानांचा हट्ट होता. पुढे ट्रक असला की त्याच्यात आणि आमच्यात ते एवढी मोकळी जागा ठेवायचे की आणखी दोन ट्रक मावावेत. ती जागा अर्थातच कोणी मोकळी राहू द्यायचं नाही. आधी एक मोटारसायकल घुसायची, मग रिक्षा, मग दुधाची पिकअप. प्रत्येक जण घुसला की नाना पुन्हा वेग कमी करायचे आणि त्याच्यापासून नव्याने लांब व्हायचे.

"नाना, आपण शाळेकडे चाललोय की परत नशिराबादला?" सोनू ओरडायचा. तो आमच्यात सगळ्यात आगाऊ.

"शाळाच शे तठे. पळी नही जावाव," नाना म्हणायचे.

शाळा कुठे पळून जाणार नव्हती, पण फाटक आठाला बंद व्हायचं. उशिरा आलेल्यांना प्रार्थना संपेपर्यंत बाहेर, रस्त्याच्या कडेला उभं करायचे. आठवड्यातून एकदा तरी आम्ही नऊ जण तिथे ओळीने उभे असायचो.

व्हॅनची शेवटची सीट उलटी बसवलेली होती, तोंड मागच्या रस्त्याकडे. तिथे बसलं की पोटात ढवळतं म्हणून कोणी बसायचं नाही. मी बसायचे, कारण तिथे कोणाशी बोलावं लागत नसे. पण नानांनी मला तिथेही गप्प बसू दिलं नाही. त्यांच्या बाजूचा आरसा थरथरायचा, त्यात नीट दिसायचं नाही. ते पुढून विचारायचे, "मांगे कोण शे, ताई?"

मी पाचवीत होते. मला 'ताई' म्हणणारे ते एकटेच.

"ट्रक, नाना."

"कितला जवळ शे?"

मला मीटर कळत नव्हते. म्हणून मी जे दिसेल ते सांगायचे. "नंबर वाचता येतोय." मग, "लिंबू-मिरची दिसतेय." मग, "ड्रायव्हरची मिशी दिसतेय, नाना."

मिशी दिसली की नाना गाडी डावीकडे घ्यायचे, हात बाहेर काढून मागच्याला पुढे जायची खूण करायचे आणि स्वतःशी म्हणायचे, "जाय रे भो. तुले घाई शे, आपले नही." दिवसभरात मी मोठ्या आवाजात बोललेली तेवढीच वाक्यं असत. अजूनही एखाद्या मोठ्या गाडीचं तोंड काचेत वाढत जाताना दिसलं की मी मनात तिचा नंबर वाचू लागते.

एवढं लांब का राहता, हे त्यांना सोनूनेच विचारलं. त्या दिवशी टायर पंक्चर होता आणि आम्ही बाभळीखाली उभे होतो. नानांनी पाना फिरवता फिरवता सांगितलं. तरुणपणी ते जीप चालवायचे. लग्नसराईत वऱ्हाडाच्या गाड्या एकामागे एक निघतात आणि आमच्याकडे प्रत्येक ड्रायव्हरला बजावलेलं असतं की लाइन तुटू द्यायची नाही, मध्ये परक्याची गाडी घुसू द्यायची नाही. नवरदेवाची जीप पुढे, नानांची तिच्या मागे. नाना अगदी चिकटून चालले होते, आणि आतली माणसं शाबासकी देत होती. पुढे रस्त्यात बकऱ्या आल्या. पुढच्या जीपने ब्रेक मारला. तिच्या मागच्या पायरीवर नवरदेवाचा मामा उभा होता.

"मंग?" सोनूने विचारलं.

"लगीन व्हयनं. मामा मांडवमा नही उना." नानांनी पाना खाली ठेवला. "पाय काढना पडना त्याना. बठ्ठा लोक म्हणेत, बकऱ्यास्नी चूक शे. माले माहीत व्हतं कोणी शे."

त्यानंतर काही दिवस सोनूसुद्धा मागे जातोय की पुढे, असं ओरडला नाही.

कापसाच्या दिवसांत तो रस्ता आणखी वाईट व्हायचा. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी कापूस असा फुगलेला असतो की मागचे दिवे झाकून जातात. नानांच्या सीटखाली लाल चिंध्यांची पिशवी असायची. चहाच्या टपरीवर उभी ट्रॉली दिसली की ते न विचारता मागे चिंधी बांधून यायचे. ट्रॅक्टरवाले हसायचे, "नाना, राखी बांधी ऱ्हायनात का?" नानाही हसायचे, आणि आम्हाला आणखी दोन मिनिटं उशीर व्हायचा.

अशाच दिवसांतल्या एका सकाळी धुकं होतं. पुढे कापसाची ट्रॉली, चिंधी नसलेली. नाना नेहमीसारखे लांब. मागे एक टँकर होता आणि तो सारखा हॉर्न वाजवत होता. नानांनी विचारलं, मी सांगितलं, नंबर वाचता येतोय. मग एकदम काच टँकरच्या रंगाने भरून गेली. मिशीबिशी काही दिसेना, नुसती जाळी दिसत होती. मी ओरडले, "नाना, खूप जवळ!"

नानांनी व्हॅन सरळ रस्त्याखाली, कच्च्यावर उतरवली. आम्ही सगळे सीटवरून उडालो. सोनूचा ओठ पुढच्या दांडीवर आपटून फुटला. टँकर आमच्या शेजारून गेला आणि पुढे ट्रॉलीला धडकला. आवाज आला, आणि मग धुक्यात सगळीकडे कापूस उडाला. दोन्ही ड्रायव्हर लंगडत का होईना, चालत बाहेर आले. रस्ता तासभर बंद राहिला. नाना आधी सोनूच्या ओठावर पाणी लावत होते, मग लोकांबरोबर ट्रॉली ओढत होते. शाळा बुडाली.

त्याच संध्याकाळी पालक आमच्या घरी जमले, कारण आमचा हॉल मोठा. नानांना ठेवायचं की नवा व्हॅनवाला बघायचा, एवढाच प्रश्न होता. नानांकडे दुसरं काम नव्हतं, व्हॅन आमच्याच नऊ घरांच्या जोरावर घेतलेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सोनूचे पप्पा सर्वांत चिडलेले होते.

"धडकला टँकर, आणि ट्रॉलीला. आपल्या गाडीला कोणी हात तरी लावला का? मग यांनी गाडी खड्ड्यात घातलीच कशाला? माझ्या पोराला दोन टाके पडले!"

"आणि रोजचा उशीर वेगळाच," कोणीतरी म्हणालं. "वय झालं नानांचं. घाबरतात ते."

माझ्या पप्पांचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. कोणालाही न दुखवता बोलायची त्यांना सवय. त्यांनी मला आतून बोलावलं. "ही मागे बसते. हिला विचारू. बेटा, टँकर खरंच एवढा जवळ होता का? की नाना उगाच घाबरले?"

वीसेक माणसं माझ्याकडे बघत होती. मला सगळं माहीत होतं. व्हॅन कच्च्यावर गेली नसती तर टँकर आणि ट्रॉलीच्या मध्ये आम्ही असतो, आणि सगळ्यात आधी मी असते. हे फक्त मी पाहिलं होतं. मी पायाच्या अंगठ्याने फरशीवरची रेघ घासत राहिले.

"माहीत नाही," मी म्हणाले.

नवा व्हॅनवाला सोमवारपासून आला. तरुण, गाडीत गाणी लावणारा. तो पुढच्या ट्रकला इतका चिकटून जायचा की सोनू हात बाहेर काढून ट्रकला शिवायचा प्रयत्न करायचा. आम्ही रोज पावणेआठला शाळेत. पालक खूश. आणि काही झालंही नाही. पुढेही त्या गाडीला कधी काही झालं नाही, हे सांगितलं पाहिजे. रोज काहीच होत नव्हतं, आणि रोज संध्याकाळी घरी सुखरूप पोचल्यावर मला वाटायचं की सोनूचे पप्पा आणखी थोडे खरे ठरले. ही गाडीही आतून तशीच होती, मी तशीच उलटी बसायचे. मागे ट्रकचं तोंड यायचं. कोणी विचारायचं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी मी व्हॅनमध्ये चढले नाही. पप्पांनी कारण विचारलं. मी दाराची चौकट धरून सांगितलं, टँकर खूप जवळ होता, मी खोटं बोलले. पुढचं सगळं एका दमात सांगितलं, मध्ये रडलेही. दुसऱ्या दिवशी पप्पांनी मला घरी ठेवलं आणि माझ्या जागी, त्या उलट्या सीटवर, स्वतः बसून जळगावला गेले. दुपारी परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. चहाही न घेता म्हणाले, "चल, नानांकडे जाऊ."

नाना खोलीत सामान बांधत होते. व्हॅन विकली होती. धुळ्याला एका गोदामात राखणदाराचं काम मिळालं होतं, दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. पप्पांनी माफी मागितली, परत या म्हणाले, मी सगळ्यांशी बोलतो म्हणाले. नानांनी त्यांना खाटेवर बसवलं. "नही भाऊ. तठे शब्द दिधा शे."

मग मी म्हणाले, "नाना, त्या दिवशी मला विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही."

"माहीत शे माले, ताई. मी दारमाच उभा व्हतु."

त्यांना आमच्याकडेच बोलावलं होतं, आणि चपला काढता काढता त्यांनी माझं 'माहीत नाही' ऐकलं होतं. तिथूनच ते मागे फिरले होते. आत येऊन मला खोटं पाडता आलं असतं, ते त्यांनी केलं नाही.

"तठे इतला मोठा माणसं व्हतात," ते म्हणाले, "मीच नही बोलनू. तू तं पोर." आणि आत चहाचं आधण ठेवायला गेले. मी लहान असल्याचं ते मला कारण देत होते. ते मला घेता आलं नाही, आजही येत नाही.

नाना धुळ्याला गेले. दोन वर्षांनी त्यांच्या पुतण्याचा फोन आला, झोपेतच गेले म्हणून. पप्पा जाऊन आले. माझी परीक्षा होती.

आता माझी नोकरी धुळ्याला आहे. शनिवारी जळगावमार्गे नशिराबादला घरी येते, बहुतेक वेळा शेअरच्या गाडीने. रस्ता आता रुंद आणि गुळगुळीत आहे, त्यामुळे सगळे जास्त जोरात जातात आणि तितकेच चिकटून जातात. मागच्या शनिवारी आमचा ड्रायव्हर एका कंटेनरच्या मागे असा लागला होता की त्याच्या दाराचं कुलूप दिसत होतं. गाडीत सहा माणसं. एक जण मोबाइल बघत होता, एक झोपला होता. मी पारोळ्यापासून शब्द जुळवत होते. एरंडोल आलं तेव्हा म्हणाले, "भाऊ, थोडं मागे राहा."

आवाज फाटलाच. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"काय मॅडम," ड्रायव्हर आरशातून हसला, "भीती वाटते का?"

"हो," मी म्हणाले. "वाटते."