मरोळच्या गाळ्यातलं खारं पाणी

शनिवारी लोखंड विकत घेऊ नये म्हणतात. मी बहुतेक वेळा शनिवारीच घेते, कारण त्या दिवशी साकीनाक्याला टेम्पो पटकन मिळतो. त्यावरून माझा भुताखेतांवर किती विश्वास असेल ते समजून घ्या. पण हे जे झालं ते भरदिवसा, आमच्या डोळ्यांसमोर झालं, म्हणून लिहितेय. नावं बदलली आहेत.

मरोळला आमचा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. बाबांच्या मागे मी आणि माझा धाकटा भाऊ नंदू तो चालवतो. ग्रिल, जिने, शटर... आणि नंदूची हौस म्हणून जुन्या जीपची कामं. गेल्या हिवाळ्यात वाकोल्याचे दळवी त्यांची जुनी फोर-बाय-फोर टो करून घेऊन आले. साठीचे, कमी बोलणारे गृहस्थ. चॅसिस गंजलीय, ती नीट करून द्या, एवढंच म्हणाले.

नंदूनं खाली शिरून हातोडीनं ठोकून बघितलं. उजवी बाजू खणखणीत. डावीकडे मागच्या चाकाजवळ नुसता भद्द आवाज, आणि जरा जोर लावल्यावर हातोडी आतच गेली. "तायडे, हिची पार वाट लागलीय," तो म्हणाला. "पॅच मारून भागणार नाही. हा तुकडाच कापायला लागेल."

चॅसिसचे दांडे आतून पोकळ असतात आणि आत पाणी साचू नये म्हणून त्यांना खाली भोकं ठेवलेली असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी डावीकडच्या भोकातून पाणी यायला लागलं. थेंब नाहीत, चांगली बारीक धार! वर नळ नाही, पाइप नाही, पाऊस जाऊन महिने झालेले. काही वेळानं आपोआप थांबलं. नंदूनं बोट लावून चाखलं (ह्या मुलाला कधी अक्कल येणार देव जाणे) आणि म्हणाला, खारट आहे.

मी म्हटलं, आतल्या मिठानं हवेतली ओल धरली असेल. ब्लोअर लावून दांडा कोरडाठाक केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा धार, जरा उशिरा. तिसऱ्या दिवशी आणखी उशिरा.

आई आमचा डबा घेऊन गाळ्यावर येते. ती मूळची देवगडकडची. तिनं हे दोन-तीन दिवस खुर्ची टाकून बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "ह्या भरतीचा पाणी आसा गो." अमावस्येला सुरू झालं आणि रोज पाऊण तास पुढे सरकतंय, हे तिनं मनातल्या मनात मोजलं होतं. मी हसले. मोबाइलवर मुंबईच्या भरतीची वेळ काढून तिच्या नाकासमोर धरली. ती जुळत नव्हती. मुंबईचं कोण बोलतंय, मी माझ्या गावचं सांगतेय, असं म्हणून तिनं डबा उघडला.

शेवटी मी दळवींना फोन केला. गाडी समुद्रात गेली होती का, एवढंच विचारलं. ते स्वतःच आले.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा मित्रांबरोबर ही जीप घेऊन देवगडच्या बाजूला गेला होता. किनाऱ्यावर चाकं वाळूत रुतली आणि भरती लागली. मित्र बाहेर आले. हा थांबला — बाबांची गाडी आहे म्हणून. जीप दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं ओढून काढली. मुलगा मिळाला नाही, अजूनही नाही. म्हणून दळवींनी त्याचे दिवसही केले नव्हते. "तो आला की पहिलं गाडीचंच विचारेल," ते म्हणाले.

ते गेल्यावर मी त्या किनाऱ्याची वेळ काढली. बरोब्बर जुळली.

त्यानंतर दळवी रोज भरतीच्या वेळेला यायचे. जीपशेजारी जमिनीवर बसून धारेखाली हात धरायचे. डावी बाजू कापू नका म्हणाले. नंदूनं समजावलं, अशी गाडी रस्त्यावर मोडेल. मग मी ती चालवणारच नाही, असं उत्तर मिळालं. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही. मी मागे जाऊन रडायचे आणि डोळ्यांत कचरा गेला म्हणून सांगायचे.

पौर्णिमेच्या उधाणाला धार मोठी झाली. दळवींची बाही कोपरापर्यंत भिजली होती आणि ते हळू आवाजात धारेशी बोलत होते. आईनं डबा खाली ठेवला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दळवीनू," ती म्हणाली, "पोराक अजून किती दिवस पाण्यात उभा करून ठेवतलात?"

ते धार थांबेपर्यंत बसून राहिले. मग हात पँटला पुसून नंदूला म्हणाले, "काप."

नंदूनं ग्राइंडर लावला. दांडा आतून कोरडा निघाला. गंजाची भुकटी आणि मूठभर वाळू, ओलीचा मागमूस नाही. तिथं नवा पत्रा बसवला, वेल्डिंग केलं. दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळेला दळवी हात पुढे करून बसले. काहीच आलं नाही. संध्याकाळपर्यंत बसले. जाताना आईला विचारून गेले, ज्याचा देह मिळत नाही त्याचं काय करतात. आईनं पळसाच्या पानांच्या पुतळ्याचा विधी सांगितला. तो त्यांनी तिकडेच किनाऱ्यावर जाऊन केला. परत आले ते डोकं भादरलेलं, चेहरा एकदम म्हातारा. पण गाडी स्वतः चालवत घेऊन गेले. "सुटला बिचारा," म्हणाले.

आठवडाभरानं आमच्या भंगारवाल्याचा फोन. "मॅडम, आप के माल में पानी कहाँ से आ रहा है? बोरा रोज भीग जाता है."

मी गेले. कापलेला तुकडा त्यानं वैतागून कोपऱ्यात वेगळा काढून ठेवला होता. खालची फरशी ओली होती. मोबाइल काढून वेळ बघितली... बघायची गरज नव्हती खरं तर.

तुकडा मी परत आणला. वितळवायला द्यायचं धाडस झालं नाही. गाळ्याच्या मागे टबात ठेवलाय आणि रोज पाणी मीच ओतून टाकते. आईला सांगितलेलं नाही. हवा, मीठ, ओल, सगळं लावून बघितलं, पण मला आजही याचा अर्थ लागलेला नाही.

परवा दळवींचा फोन आला होता. गाडी छान चालतेय म्हणाले. ठेवता ठेवता विचारलं, "ताई, तो तुकडा गेला ना?"

मी हो म्हटलं.