चिपचा तिसरा पाय

आमच्या कंपनीत नवजात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या बनायच्या. पेटीतल्या मेमरी चिपशी बोलणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लिहिणाऱ्या बाईंना आम्ही 'कुलूपबाई' म्हणायचो. चहाला उठल्या तरी कॉम्प्युटर लॉक, खणाला किल्ली. त्यांचा नवरा चेष्टेनं म्हणायचा, "हिला मागणी घालायलासुद्धा पासवर्ड लागला होता."

एका हॉस्पिटलात वीज जाऊन आली आणि पेटी सुरूच होईना. नर्सनं बाळाला ताबडतोब दुसऱ्या पेटीत हलवलं, म्हणून निभावलं. पेटी आमच्याकडे आली. ती सुरू करणारा चिपमधला भागच पुसला गेला होता. बाईंच्या ड्रायव्हरनं तो भाग कुलूपबंद ठेवला होता खरा, पण वीज डळमळताना भरकटलेल्या त्याच ड्रायव्हरनं तो उघडून पुसून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी बाई साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"मला माझ्याच प्रोग्रामला न जुमानणारं कुलूप हवंय."

"तुमचाच तुमच्यावर भरवसा नाही?"

"बाळाच्या बाबतीत नाही."

तसं कुलूप चिपमध्ये असतंच. आत एक खूण करायची आणि चिपच्या तिसऱ्या पायाची वीज तोडायची. मग कुठल्याही प्रोग्रामनं डोकं आपटलं तरी ते उघडत नाही. उघडायचं तर माणसानं पेटी खोलून आतला स्विच सरकवावा लागतो. बाईंनी ड्रायव्हर तसा लिहिला. चिप ज्यावर बसते त्या नव्या बोर्डवर सगळं छान चाललं. मग त्यांनी तो एका जुन्या बोर्डवर चढवला, आणि कुलूप जे बसलं ते बसलंच.

बोर्ड बनवणाऱ्या सहकाऱ्यानं भिंग लावून पाहिलं. "याला स्विचच नाही, बाई. तिसरा पाय थेट अर्थिंगला सोल्डर केलाय, त्याला वीज कधी मिळणारच नाही."

"आणि आत काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"माझा अर्धवट प्रोग्राम," बाई म्हणाल्या.

"वा! म्हणजे चूकच तिजोरीत ठेवलीत."

कुणीतरी फिसकन हसलं. बाई हसल्या नाहीत. तो पाय गरम करून सोडवेपर्यंत त्या शेजारी बसून राहिल्या. प्रोग्रामवर विश्वास नको म्हणून आपण तारेवर ठेवला, पण तार कुठे जाते ते पाहिलंच नाही, हे त्यांना लागलं होतं.

त्यांनी ड्रायव्हर बदलला. आता तो आधी बोर्डची माहिती वाचायचा. स्विच नसेल तर पक्कं कुलूप लावायचाच नाही. साहेबांना घाई होती. "हॉस्पिटलांतल्या जुन्या पेट्यांनाही लावून मोकळ्या व्हा की!"

"उद्या आत चूक सापडली तर ती कोण काढणार? बोर्ड बदला, मग लावते."

साहेब आठवडाभर धुसफुसले, पण बोर्ड बदलायला तयार झाले. त्यानंतर पुसलेली पेटी आमच्याकडे आली नाही. मात्र सुरुवातीच्या भागात बारीकशी दुरुस्ती असली तरी कुणीतरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हॉस्पिटल गाठायचं, आणि वाटेत बाईंच्या नावानं बोटं मोडायची. बाईही आपल्या वाट्याची खेप टाळत नसत.

पहिला बोर्ड बदलायला त्या स्वतः गेल्या होत्या, त्याच हॉस्पिटलात. नर्स बाजूला उभी होती.

"आता नाही ना बंद पडणार?"

बाईंनी स्विच कुलपाच्या बाजूला सरकवला, झाकण बसवलं. "प्रोग्राममुळे पुसली जाणार नाही. बाकी कशानं बंद पडेल, ते मी सांगू शकत नाही."

नर्सनं मान डोलावली आणि चादर घालायला घेतली.