पुलावरची ओटी

सोजराबाई भोईण रागावत नाही ती कधी, असं कोणी विचारलं असतं तर धावडखेडच्या माणसाला डोकं खाजवत बसावं लागलं असतं. सकाळी चूल पेटली नाही तर ती चुलीवर रागवायची आणि पेटली तर धुरावर. डोक्यावर मासळीची टोपली घेऊन सोनाळ्याच्या बाजाराला निघाली की वाटेवरची माणसं आपणहून कडेला होत. बाजारात एखाद्या गिऱ्हाइकाने मासा उलटापालटा केला, हुंगला आणि परत टोपलीत टाकला, की त्याची धडगत नसे. "घ्याचा नाही तर वास काऊन घेता? मोगरा हाये का थो?" असं ती भर बाजारात विचारायची, आणि तो बापडा मुकाट्याने मासे घेऊन जायचा.

पण तिचा राग टिकाऊ नसायचा. तोंडावाटे बाहेर पडला की संपायचा, आणि संध्याकाळी त्याच माणसाच्या घरी ती मूठभर झिंगे पाठवून द्यायची. एकच राग तिच्या पोटात वर्षभर मुक्काम ठोकून राहिला. तो रास्त होता, असं माझं मत आहे, आणि तेव्हा गावातल्या एकाही शहाण्याचं तसं मत नव्हतं, याचा मला अजून संताप येतो.

धावडखेड सातपुड्याच्या पायथ्याला. डोंगरातून उतरलेली नदी गावाजवळ दोन काळ्या दरडींच्या मधून जाते. दरडीखाली खोल डोह आहे, आणि डोहाच्या पुढे पाणी अरुंद खडकांतून असं घुसतं की त्यात सापडलेली फांदी साल सोलूनच बाहेर पडते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, या नदीची ओटी भरायची, ही गावाची रीत. पाटलाच्या घरची सवाशीण खण, नारळ, तांदूळ फडक्यात बांधून द्यायची. भोयाच्या घरचा माणूस ते गाठोडं घेऊन, कंबरेला दोर बांधून, काठाने पाण्यात उतरायचा आणि ओटी डोहात सोडायचा. दोराचं टोक काठावर पाटलाच्या हातात असायचं. दोर धरायचा मान पाटलाचा आणि पाण्यात उतरायचा मान भोयाचा. त्यातल्या कोरड्या मानाला किंमत जास्त होती, हे सांगायला नको.

महाराष्ट्र राज्य झालं आणि दोन-तीन वर्षांत त्या दरडींवर सरकारी पूल उभा राहिला. पूल इतका उंच की कठड्यावरून वाकलं तर काठावरचा बैल शेळीएवढा दिसायचा. त्या वर्षी करीला सगळं गाव नवा पूल पाहायला वरच जमलं. तेव्हा सोजराबाईचा नवरा कचरू हसत हसत बोलून गेला, "आता काठानं काऊन उतरू? वरूनच टाकतो न उडी!"

आणि त्याने ती टाकली. छातीशी ओटी, कंबरेला दोर, पाय जुळवून सरळ खाली. तो डोहात गडप झाला तेव्हा सगळं गाव कठड्यावर वाकलं. मग त्याचं डोकं पाण्यावर आलं, वरच्यांनी दोर धरून पुलाच्या टोकाकडे चालत जाऊन त्याला काठाला ओढून घेतलं, आणि असा गलका झाला की बैल बुजले. दुसऱ्या वर्षी वरवट बकाल, सोनाळा इथून बैलगाड्या भरभरून लोक उडी पाहायला आले. हसण्यावारी बोललेली गोष्ट रीत होऊन बसली.

एरवी वर्षभर कचरूला कोणी 'ये, बस' म्हणत नसे. जाळं टाकायचं, उन्हाळ्यात नदीच्या वाळूत डांगरांची वाडी लावायची, आणि बायकोची बोलणी खायची, एवढंच त्याचं आयुष्य. करीच्या दिवशी मात्र त्याच्या कपाळाला गुलाल लागायचा आणि पाटील त्याला स्वतःच्या हाताने पानविडा द्यायचा. त्याला ते आवडायचं. सोजराबाईलाही आवडायचं, पण ती कबूल करायची नाही.

पुढे कायद्याने पाटीलकी गेली. अर्जुनराव पाटील नावापुरते पाटील उरले. गावाचा कारभार ग्रामपंचायतीकडे आला आणि सरपंच झाले उकंडराव. दोघे एकाच आज्याचे नातू, म्हणजे वैर पक्कं. उकंडरावांनी सांगून टाकलं, गाव आता पंचायतीचं आहे तेव्हा दोरही पंचायतीचा. अर्जुनराव म्हणाले, जमीन न्या, वाडा न्या, दोर सोडणार नाही. यावर पारावर किती खल झाला, काय सांगावं. दोन दोर वेगवेगळे बांधावे, तर कचरूला आधी कोणी ओढलं यावरून पुन्हा डोकी फुटायची. शेवटी गावातल्या शहाण्यांनी तोड काढली. अर्धा दोर पाटलांचा, अर्धा सरपंचांचा, मध्ये गाठ. एका वर्षी पाटलांचा वर, दुसऱ्या वर्षी सरपंचांचा वर. धरायला दोन्हीकडची माणसं. ओटीतही दोन खण, दोन नारळ. दोघांचंही नाक शाबूत राहिलं म्हणून गावाने गूळ वाटला.

पाटलांचा दोर म्हणजे मोटेचा जाडजूड, अंबाडीचा नाडा. सरपंचांनी खामगावहून काथ्याचा नवा दोर आणला. त्या गाठीवर एक जिता माणूस लटकणार आहे, हे कोणाच्या मनातही आलं नाही. मनात होतं ते फक्त वर कोण आणि खाली कोण.

मागच्या वर्षी करीला ती गाठ सुटली. कचरू डोहातून वर आला, वरच्यांनी ओढायला घेतलं, आणि पाटलांचा नाडा एकदम हलका होऊन सगळे ओढणारे एकमेकांच्या अंगावर उताणे पडले. सरपंचांचा दोर कंबरेला घेऊन कचरू खडकांत गेला. पुलावर पहिली आरोळी उठली ती 'कचरू गेला' अशी नव्हती. 'त्याहिचा दोर सुटला!' अशी होती, आणि दोन्ही बाजूंनी एकदमच उठली. सोजराबाई तेव्हा अनवाणी काठाकाठाने धावत होती आणि तिच्या कानांवर मागून हे पडत होतं.

कचरूला वाचवलं हैदरने. खालच्या अंगाला त्याची वांग्यांची वाडी होती. काथ्याचा दोर एका बाभळीच्या मुळीत गुंतला, तिथे कचरू अर्धमेला अडकलेला त्याला दिसला, आणि त्याने धोतर-लुंगीचा विचार न करता पाण्यात उडी घेतली. कचरूचा उजवा खांदा खडकावर फुटला होता. हाडवैद्याने बांधला, पण हात खांद्याच्या वर म्हणून जाईना.

त्यानंतर पंचायतीची बैठक बसली ती बसलीच. गाठीतून आधी अंबाडी निसटली की काथ्या, यावर साक्षी झाल्या. खांदा कसा आहे, घरात काय शिजतं, हे विचारायला एकालाही सवड झाली नाही. सोजराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती तेव्हापासून.

वर्षभर जाळं तिनेच टाकलं. लोक हसले, तिने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि पुन्हा जाळं टाकलं. कचरू अंगणात बसून फाटलेली जाळी विणायचा. बोलणं त्याने जवळजवळ सोडलंच होतं. नदीकडे जायची वाटही सोडली. मान गेला म्हणून माणूस खंतावला, अशी सोजराबाईची समजूत, आणि तिला त्याचाही राग यायचा. हाड मोडलं त्याचं नाही, आणि गुलालाचं दुःख!

पोळा तोंडावर आला तसे अर्जुनराव आणि उकंडराव दोघे मिळून भोयाच्या अंगणात आले. जन्मात पहिल्यांदा. सोजराबाईने बसायला घोंगडी टाकली नाही.

"कचरू," उकंडराव म्हणाले, "औंदा काई फिकीर नाही. गाठ आमी दोघं मिळून मारून राह्यलो. दोघाईचे हात लागतीन. वरून हळद-कुंकू वाहू."

"रीत मोडली नाही पाह्यजे," अर्जुनराव म्हणाले. "तू नाही तं कोन?"

कचरूने जाळ्यावरची नजर उचलली नाही. "हाव," म्हणत नुसती मान डोलावली.

ते दोघे गेल्यावर सोजराबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"हाव? हात वर जात नाही तुमचा! डोहातून निंघान कसे?"

"दोर हाये न."

"थोच दोर न? थेच दोघं न?"

"सोजरे, मान हाये आपला. माह्या बापानं केलं, आज्यानं केलं. साऱ्या गावासमोर मी नाही म्हनू?"

"मान त्याहिचा. हाडं तेवढे आपले!"

कचरू पुन्हा जाळं विणू लागला. त्या रात्री आणि पुढच्या दिवशी घरात भांडी सोडून कोणी बोललं नाही.

करीच्या दिवशी पुलावर पाय ठेवायला जागा नव्हती. वर डोंगरात पाऊस लागलेला. पाणी तांबडं, फेसाळ, खडकांना धडका देत होतं. पुलाच्या तोंडाशी हैदर भेटला. "भाबी, पानी लय तेज हाये," तो म्हणाला. "औंदा मी खाली उभा राह्यतो, पन माहा भरवसा नका धरू." एवढ्या गावात खरं बोलणारा तो एकटा.

कचरू कठड्याजवळ उभा होता. कपाळाला गुलाल. छातीशी दोन नारळांचं जड गाठोडं. कंबरेला पाटलांचा नाडा बांधलेला, कारण या वर्षी सरपंचांचा दोर वर होता. अर्जुनराव आणि उकंडराव चार हातांनी गाठ मारून उठले, सत्यभामाबाई पाटलिणीने तिच्यावर हळद-कुंकू वाहिलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाठीला टाळ्या! सोजराबाई माणसं ढकलत पुढे आली.

"पाटील, सरपंचसाहेब," ती म्हणाली, "आंधी वढून पाहा."

"काय?"

"गाठ वढून पाहा. इकून पाटलाचे मानसं धरा, तिकून सरपंचाचे. लावा जोर. टिकली तं जाऊ द्या माह्या मानसाले."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ओढून पाहिलं आणि गाठ सुटली, तर सगळ्या मुलखासमोर कोणाचा तरी दोर निसटलेला दिसणार होता. त्यात कोण हरला हे लहान पोरालाही कळलं असतं.

"कुंकू वाह्यलेल्या गाठीले हात लावत नाहीत, बाई," अर्जुनराव म्हणाले.

"अपशकुन हाये थो," उकंडराव म्हणाले. दोघांचं एकमत झालेलं गावाने प्रथमच पाहिलं.

"मंग एकाच दोरानं सोडा. कोनाचा का असंना."

यावर मात्र दोघांनीही आपापल्या दोरावर हात ठेवला.

सोजराबाईने गाठीकडे बोट दाखवलं. "म्हंजे माह्या नवऱ्याच्या कंबरेनं वढून पाह्यता का तुमी? गाठ तुमची, आन मराचं यानं? बैल जुपाच्या आंधी जोखड पाह्यता, आन मानसाले दोर लावाले कुंकू पुरते?"

"उकंडराव, या बाईले बाजूले करा," कोणीतरी ओरडलं. "नदी कोपन!"

"नदी?" सोजराबाई गर्रकन वळली. "नदीनं मानूस मांगतला कवा? तिले ओटी पाह्यजे!"

आणि ती कचरूपाशी गेली, त्याच्या छातीवरचं गाठोडं तिने हिसकून घेतलं, दोन्ही हातांनी कपाळाला लावलं आणि पुलावरून खाली टाकून दिलं.

"घे माय," ती म्हणाली.

गाठोडं तांबड्या पाण्यात पडलं. एवढ्या उंचीवरून आवाजसुद्धा आला नाही. डोहात एक गिरकी घेतली आणि गेलं. ओटी भरली होती. इतकी वर्षं एवढंच करायचं होतं, हे पुलावरच्या प्रत्येकाला त्याच क्षणी कळलं आणि म्हणूनच सगळे खवळले. रीत मोडली, नाक कापलं, भोयाच्या बाईने गाव बुडवलं, एकच कालवा उठला. अर्जुनरावांनी पागोटं हातात घेतलं. उकंडराव तर तिच्या अंगावर धावून आले.

सोजराबाईने त्या कोणाकडेही पाहिलं नाही. ती कचरूकडे पाहत होती. चार लोकांत बायकोने मान घालवला, आता हा हात उचलणार, अशी तिची खात्री होती. तिने पदर खोचला होता. उत्तर तोंडात तयार होतं.

कचरूने डाव्या हाताने कंबरेचा नाडा सोडायचा प्रयत्न केला. एका हाताने गाठ सुटेना. मग तो तिथेच, कठड्याला पाठ लावून, मटकन खाली बसला.

"बरं केलं व," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की तिला वाकावं लागलं. "मले भेव लागून राह्यलं होतं. वर्सभर. डोये मिटले का पानी दिसे. नदीकडं जाची बी हिंमत होत नोती."

पाटलावर, सरपंचावर, गावावर, गुलालावर, सगळ्यांवर पुरेल एवढा राग तिच्यापाशी होता. आणि हा माणूस वर्षभर तिच्या शेजारी निजत होता, ती त्याला मानासाठी खंतावलेला समजून टोचून बोलत होती, आणि तो डोळे मिटायला भीत होता. त्या काळी बाई उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेत नसे. सोजराबाईने ते भर पुलावर, दहा गावांच्या माणसांसमोर, घशाच्या शिरा ताणून घेतलं.

"कचऱ्या! मंग बोलला काऊन नाही बे? त्याहिले नाही तं नाही, मले बी नाही?"

आणि ती त्याच्या शेजारी धुळीत बसून, रडत, शिव्या देत, दातांनी त्याच्या कंबरेचा नाडा सोडू लागली.